प्रस्तावना : प्रतिपिंडाने नेमके काय धरले?

१९७० च्या दशकाच्या मध्यास मासातोशी ताकेइची क्योतोहून बाल्टिमोरला, कार्नेगी संस्थेच्या भ्रूणशास्त्र विभागात गेले आणि त्यांचा हातखंडा प्रयोगच फसू लागला. क्योतोत ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी द्रवात हलवत ठेवल्या की पुन्हा एकमेकींना चिकटून गोळे होत. इथे त्या सुट्याच राहत. शोध घेता घेता गाडी ट्रिप्सिनच्या बाटलीपाशी येऊन थांबली. बाल्टिमोरच्या द्रावणात ईडीटीए होते, क्योतोच्या नव्हते. ईडीटीए कॅल्शियम गिळून टाकते. आणि पेशींना जोडणारे एक प्रथिन कॅल्शियम असेतोवरच ट्रिप्सिनला दाद देत नाही. कॅल्शियम गेले की त्याचा फडशा पडतो. १९७७ मध्ये ताकेइचींनी मांडले की पेशी दोन वेगळ्या रीतींनी चिकटतात आणि त्यांतली एक कॅल्शियमवर अवलंबून आहे.

पेशीआसंजनाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांना मी ही बाटली आधी दाखवतो. पुढचे बरेचसे तिच्यातूनच निघाले.

प्रथिन आधी सापडते आणि मग ते ओळखायला प्रतिपिंड बनवतात, असा क्रम आपण गृहीत धरतो. इथे तो उलटा होता. प्रथिन कुणी पाहिले नव्हते. हाती होते ते पेशींची पकड सोडवणारे प्रतिपिंड. उंदराच्या अर्बुदपेशींविरुद्ध बनवलेल्या अशा प्रतिपिंडांच्या साहाय्याने चिकाको योशिदा आणि ताकेइची १९८२ मध्ये त्या प्रथिनापर्यंत पोहोचले. कोलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवलेली हायब्रिडोमाची वाट तोवर रुळली होती, म्हणून १९८४ मध्ये ईसीसीडी-१ हा एककृंतक प्रतिपिंड आला आणि 'कॅडहेरिन' हे नावही. तिकडे पॅरिसमध्ये फ्रान्स्वा जाकोब यांच्या प्रयोगशाळेत प्रतिपिंड घातल्यावर उंदराच्या आठपेशीय भ्रूणातल्या घट्ट बिलगलेल्या पेशी मोकळ्या होताना दिसल्या होत्या. तिथल्या मंडळींनी आपल्या प्रथिनाला युवोमोरुलिन म्हटले. त्या नावात द्राक्षही आहे आणि तुतीही. कोंबडीत एल-कॅम, माणसात सेल-कॅम १२०/८०. जुने शोधनिबंध वाचताना ही गर्दी वैताग आणते, पण सगळी मंडळी एकाच दारावर थाप मारत होती. आज आपण त्याला ई-कॅडहेरिन म्हणतो.

सेल-कॅमच्या नावातले ते दोन आकडे मात्र विसरू नका. पूर्ण ई-कॅडहेरिन सुमारे १२० किलोडाल्टनचे. पेशीबाहेर त्याचे पाच खंड, मग पटल ओलांडणारा छोटा भाग, आणि आत कॅटेनिनांना धरणारी शेपटी. पटलाजवळ एखादे विकर त्याला कापते, तेव्हा बाहेरचा सुमारे ८० किलोडाल्टनचा तुकडा द्रवात सुटतो आणि शेपटीसह सुमारे ३८ चा तुकडा मागे उरतो. आता वेस्टर्न ब्लॉट करा. बाहेरचा भाग ओळखणारा प्रतिपिंड १२० आणि ८० वर पट्टे दाखवील. शेपटी ओळखणारा १२० आणि ३८ वर. नमुना एकच, साक्षी दोन, आणि दोघेही खरे बोलतात. प्रतिपिंड सबंध प्रथिन ओळखत नाही. त्याचा एखादा कोपरा, म्हणजे एपिटोप, तेवढा ओळखतो. म्हणून कुपी हातात घेतल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नसावा. हा प्रतिपिंड प्रथिनाचे कुठले टोक धरतो, ते विचारावे.

विद्यार्थिदशेत मी हे विचारले नव्हते. स्तनाच्या कर्करोगातून आलेल्या एमसीएफ-७ पेशींत ई-कॅडहेरिन भरपूर असते, हे पाठ होते. त्या मी ट्रिप्सिन-ईडीटीएने उचलल्या, बाहेरचा भाग ओळखणारा प्रतिपिंड लावला आणि फ्लो सायटोमीटरवर नेल्या. संदेश जवळजवळ शून्य. दोन आठवडे मी प्रतिपिंडाला, मग पुरवठादाराला आणि शेवटी नशिबाला दोष दिला. प्रथिनाचा बाहेरचा भाग मी स्वतःच कापून टाकला होता. बाल्टिमोरची गोष्ट तोवर दोनदा वाचून झाली होती, हे सांगायला आजही लाज वाटते.

शेपटी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाची अडचण निराळी. पेशीचे पटल सच्छिद्र केल्याखेरीज तो आत शिरत नाही, म्हणजे अखंड जिवंत पेशीवर त्याचा उपयोग नाही. उलट ईसीसीडी-१ सारखे बाहेरून धरणारे काही प्रतिपिंड जिवंत पेशींची पकडच सोडवतात. पाहायला म्हणून घातले आणि पाहण्याची गोष्ट मोडली, असे व्हायला नको.

हे बारकावे फक्त परीक्षेपुरते नाहीत. स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात बहुधा ई-कॅडहेरिन हरपते, आणि तो डक्टल प्रकारापासून वेगळा ओळखताना विकृतिशास्त्रज्ञ याच प्रथिनाचे रंजन पाहतात. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांतल्या आनुवंशिक जठरकर्करोगाचा माग सीडीएच१ या त्याच्याच जनुकापर्यंत लागला. अशा ठिकाणी 'दिसले नाही' आणि 'नाही' यांतले अंतर रुग्णाच्या जिवाशी येते.

त्यामुळे या विषयात नियंत्रण नमुन्यांना सोडचिठ्ठी नाही. एमसीएफ-७ च्या शेजारी, ई-कॅडहेरिन जवळजवळ नसलेल्या एमडीए-एमबी-२३१ ठेवा. जमल्यास जनुकच काढून टाकलेल्या पेशी, त्या सर्वांत उत्तम. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे पेशीभांडार संशोधकांना पेशीवाण पुरवते, तेव्हा मराठी मुलखात तरी पेशी मिळत नाहीत ही सबब चालायची नाही.

पहिल्या प्रकरणात आपण पेशी सुट्या करायला शिकू. दोन नळ्या घ्या, एकीत कॅल्शियम घाला, दुसरीत ईडीटीए, दोन्हींत ट्रिप्सिन; आणि अर्ध्या तासाने कुठल्या नळीत गोळे होऊ लागतात ते बघा. प्रतिपिंडाची कुपी तोवर फ्रीजमध्येच राहू दे.