महाशीरसाठी गळाचे साहित्य : काठी, रीळ, दोरा आणि आमिष यांची निवड

हौशी मासेमारीच्या साहित्याविषयी आज पुस्तकांत आणि चित्रफितींत जे मार्गदर्शन सहज मिळते, त्याचा मोठा भाग उत्तर अमेरिकेतील ‘लार्जमाउथ बास’ या माशाला समोर ठेवून तयार झालेला असतो. काठीची लांबी, रिळाचा आकार, दोऱ्याची ताकद आणि कृत्रिम आमिषांचे प्रकार यांविषयीचे अनेक संकेत त्या माशाच्या सवयींवरून रूढ झाले आहेत. भारतातील नद्यांत गळ टाकणाऱ्यांचे मुख्य आकर्षण मात्र महाशीर आहे. बास आणि महाशीर यांचे पाणी निराळे, शरीररचना निराळी आणि गळाला लागल्यावरची वागणूकही निराळी. त्यामुळे बाससाठी योग्य असलेले साहित्य जसेच्या तसे महाशीरसाठी वापरले, तर अनेकदा दोरा तुटतो. तोंडात गळ आणि मागे कित्येक मीटर दोरा घेऊन मासा निसटतो आणि खडकांत अडकून मरण्याचा धोका उभा राहतो.

हिमालयीन नद्यांतील सोनेरी महाशीर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘धोक्यात आलेली’ जाती म्हणून नोंदलेला आहे. केवळ कावेरी खोऱ्यात आढळणारा कुबड असलेला महाशीर ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जातो. अशा स्थितीत साहित्याची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाही. पकडलेला मासा जिवंत परत जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या निवडीवर अवलंबून असते.

दोन मासे, दोन स्वभाव

बास हा मुख्यतः तलाव, जलाशय आणि संथ प्रवाहांतील मासा आहे. पाणवनस्पती किंवा बुडालेली खोडे यांच्या आडोशाला दबा धरून तो भक्ष्यावर झडप घालतो. त्याचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंस, म्हणजे सुमारे 10 किलोंचा असून तो 1932 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी नोंदवला. जपानमधील बिवा सरोवरात मानाबु कुरिता यांनी 2009 मध्ये त्याची बरोबरी केली. सामान्यतः गळाला लागणारा बास यापेक्षा पुष्कळच लहान असतो. त्याच्याशी होणारी झटापट थोड्या अंतरात आणि थोड्या वेळात आटोपते. त्याला वनस्पतींच्या गुंत्यातून झटकन बाहेर ओढणे हीच तेथे मुख्य अडचण असते.

महाशीर हा कार्प कुळातील, वाहत्या आणि खडकाळ नद्यांचा मासा. त्याच्या जबड्यात दात नसतात. घशातील बळकट दातांनी तो शिंपले, खेकडे आणि लहान मासे चिरडतो. गळ लागताच तो खळाळातून प्रवाहाच्या दिशेने लांब धाव घेतो. ही पहिली धाव शंभर मीटरपर्यंत किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकते. कावेरीची उपनदी कबिनी येथे 1946 मध्ये पकडलेल्या महाशीरचे वजन 120 पौंड, म्हणजे सुमारे 54 किलो नोंदले गेले. आज इतके मोठे मासे दुर्मीळ आहेत. तरीही वेगवान प्रवाहाचे पाठबळ मिळालेला पाच किलोंचा महाशीरही हलक्या साहित्याची परीक्षा पाहतो.

काठी

काठीचे दोन गुण वेगवेगळे तपासावे लागतात. पहिला तिची ताकद, म्हणजे ती किती वजन पेलते. दुसरा तिचा वाक, म्हणजे ताण आल्यावर ती केवळ टोकाशी वाकते की मधल्या भागापर्यंत. बाससाठी साधारण साडेसहा ते सात फुटांची, टोकाशी वाकणारी काठी प्रचलित आहे. गळ चटकन रुतवण्यास ती सोयीची असते. महाशीरसाठी आठ ते दहा फुटांची आणि मध्यापर्यंत वाकणारी काठी अधिक उपयुक्त ठरते. लांबीमुळे दोरा खडकांच्या वर उचलून धरता येतो आणि सखोल वाकामुळे माशाचे हिसके काठी पचवते. मोठ्या नद्यांच्या रुंद पात्रांत याहून लांब काठ्याही वापरल्या जातात.

काठीवर आमिषाच्या वजनाची मर्यादा ग्रॅममध्ये छापलेली असते. मध्यम आकाराच्या नदीसाठी 15 ते 40 ग्रॅमची मर्यादा पुरेशी होते. मर्यादेहून जड आमिष फेकल्यास काठी मोडण्याचा धोका असतो आणि फार हलके आमिष दूर जात नाही. दुकानात काठी घेताना दोऱ्याच्या कड्यांच्या आतील कडेवर कापसाचा बोळा फिरवून पाहावा. तंतू अडकले तर तेथे चीर आहे असे समजावे. अशी चीर दोरा कापते.

रीळ

स्थिर चाकाचे ‘स्पिनिंग’ रीळ नवशिक्याला सोपे पडते, कारण फेकताना दोऱ्याचा गुंता कमी होतो. फिरत्या चाकाचे ‘मल्टिप्लायर’ रीळ जड आमिषासाठी आणि मोठ्या माशासाठी भक्कम असते, पण त्याचा सराव लागतो. बाससाठी लोकप्रिय असलेले ठेंगणे ‘बेटकास्टर’ रीळ याच दुसऱ्या प्रकारातले. मात्र त्यात अनेकदा शंभर मीटरच्या आसपासच नायलॉन दोरा मावतो. महाशीरच्या पहिल्या धावेतच तो संपू शकतो. महाशीरसाठी किमान 200 मीटर दोरा मावणारे रीळ घेणे श्रेयस्कर. रिळाच्या क्रमांकावर विसंबू नये, कारण एकाच क्रमांकाची दोन कंपन्यांची रिळे सारखी असतीलच असे नाही. चाकावर छापलेली दोऱ्याची जाडी आणि लांबी वाचावी.

रिळातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ‘ड्रॅग’, अर्थात ताण वाढल्यावर दोरा हळूहळू सोडणारा ब्रेक. तो दोऱ्याच्या ताकदीच्या सुमारे पाव भागावर लावावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. 30 पौंडांचा दोरा सुमारे साडेतेरा किलोंचा ताण सोसतो. त्यामुळे ब्रेक साधारण 3.4 किलोंवर लावावा लागतो. साध्या ताणकाट्याला दोऱ्याचे टोक बांधून हे मोजता येते.

हा आकडा इतका कमी का, याचे कारण चाकाच्या रचनेत आहे. दोरा बाहेर जातो तसा चाकावरील गुंडाळीचा व्यास घटतो आणि ब्रेक न हलवताही दोऱ्यावरील ताण वाढतो. व्यास दोन तृतीयांश उरला की ताण दीडपट होतो, 3.4 किलोंचे 5.1 किलो होतात. पाण्यात पसरलेल्या लांब दोऱ्याला प्रवाहाचा होणारा अडसर त्यात आणखी भर घालतो. म्हणूनच मासा धावत असताना घाबरून ब्रेक आवळणे हे दोरा तुटण्याचे नेहमीचे कारण ठरते.

दोरा

दोऱ्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. एकपदरी नायलॉन स्वस्त असून ताणला जातो. त्यामुळे हिसके सोसतो आणि खडकांवरील घर्षणही बऱ्यापैकी सहन करतो. मात्र तो पाणी शोषतो, उन्हाने कमजोर होतो आणि ठरावीक काळाने बदलावा लागतो. फ्लुरोकार्बन पाण्याहून बराच जड असल्याने बुडतो, पाण्यात कमी दिसतो आणि घर्षणाला टिकतो. परंतु तो ताठ व महाग असतो. पॉलिथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा जाडीच्या मानाने अत्यंत बळकट असून तो जवळजवळ ताणला जात नाही. आमिषाला झालेला हलका स्पर्शही त्यामुळे हाताला कळतो.

बासच्या मासेमारीत विणलेला दोरा पाणवनस्पती कापत जातो, म्हणून तो तेथे प्रिय आहे. खडकाळ नदीत परिस्थिती उलट होते. ताणलेला विणीचा दोरा धारदार दगडाला घासला, तर तो पाहता पाहता तुटतो. दुसरीकडे, 30 पौंडांचा नायलॉन साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, तर त्याच ताकदीचा विणलेला दोरा त्याच्या निम्म्या जाडीचा. जाडी निम्मी झाली की त्याच चाकावर जवळपास चौपट लांबी मावते. हा लाभ मोठा असल्यामुळे मधला मार्ग काढला जातो : रिळावर 30 ते 40 पौंडांचा विणलेला दोरा आणि पुढे दोन-तीन मीटर, 40 ते 50 पौंडांचा जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनचा तुकडा. जेथे पात्रात खडकांची दाटी आहे, तेथे संपूर्ण नायलॉनच अधिक विश्वासार्ह.

गाठ बांधताना ती ओली करून आवळावी, कारण घर्षणाच्या उष्णतेने दोरा कमजोर होतो. प्रत्येक मासा लागल्यानंतर शेवटचे दोन मीटर बोटांतून फिरवून पाहावेत आणि खरखरीत लागलेला भाग कापून टाकावा. कापलेला दोरा नदीकाठी टाकू नये; पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो.

आमिष आणि गळ

बाससाठीच्या आमिषांत रबरी गांडुळे, झुपकेदार ‘जिग’ आणि फिरत्या पात्यांचे ‘स्पिनरबेट’ यांना मोठे स्थान आहे. महाशीरसाठी धातूचा चमचा आणि माशाच्या आकाराचा बुडी मारणारा ‘प्लग’ ही अधिक खात्रीची साधने मानली जातात. चमचा 12 ते 28 ग्रॅमचा आणि प्लग सात ते बारा सेंटिमीटरचा घेतल्यास बहुतेक नद्यांत काम भागते. स्वच्छ पाण्यात रुपेरी आणि गढूळ पाण्यात पितळी किंवा गडद रंग वापरण्याची प्रथा आहे. दक्षिणेत नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा हे पारंपरिक आमिष. मात्र खाद्य आमिष मासा खोलवर गिळू शकतो आणि गळ काढणे अवघड होते. सोडून देण्याच्या हेतूने मासेमारी करणाऱ्यास कृत्रिम आमिष अधिक योग्य.

बाससाठी बनवलेल्या प्लगला सहसा दोन तिहेरी गळ असतात. ते आणि त्यांची तारेची कडी महाशीरच्या दाबाखाली सरळ होतात किंवा उघडतात. ती काढून जाड तारेचे एकेरी गळ आणि भक्कम कडी बसवावीत. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. दोरा सतत ताणलेला ठेवल्यास बिनकाट्याच्या गळातून मासे फारसे निसटत नाहीत आणि गळ काही क्षणांत निघतो. दोरा तुटलाच, तर असा गळ माशाच्या तोंडातून आपोआप सुटण्याची शक्यताही अधिक असते.

वजन म्हणून शिसे स्वस्त पडते, पण ते विषारी आहे. हंसांच्या विषबाधेमुळे ब्रिटनने 1987 मध्ये शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी घातली. पोलाद किंवा टंगस्टन हे पर्याय आहेत. टंगस्टन शिशापेक्षा सुमारे पावणेदोन पट घन असल्याने त्याचे वजन आकाराने लहान राहते.

मासा परत सोडताना

हलके साहित्य वापरून झटापट लांबवण्यात कौशल्य दिसते, असा समज आहे. परंतु दमलेल्या माशाच्या शरीरात आम्लता वाढते आणि तो सोडल्यानंतरही मरू शकतो. 15 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. 30 अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. म्हणून उन्हाळ्यात साहित्य अधिक भक्कम आणि झटापट अधिक आटोपशीर हवी. बिनगाठीची रबरी जाळी, लांब चिमटा आणि दोरा कापण्याची कात्री हे साहित्य काठी-रिळाइतकेच आवश्यक आहे. मासा ओल्या हातांनी, पाण्यातच धरावा. छायाचित्रासाठी बाहेर काढलाच तर काही सेकंदांपुरताच.

कायदा आणि स्थानिक मर्यादा

मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय असल्याने परवाना, शुल्क, बंदीचा काळ आणि परवानगी असलेली पात्रे राज्यागणिक बदलतात. महाशीरचा विणीचा हंगाम पावसाळ्याशी जोडलेला असतो. त्या काळात मासेमारी टाळणे इष्ट. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू आहे. त्यामुळे साहित्य खरेदी करण्यापूर्वी संबंधित राज्याच्या मत्स्य आणि वन विभागाकडे चौकशी करावी. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील वाळणकोंड आणि पालघर जिल्ह्यातील तिळसे येथील डोहांत श्रद्धेने राखलेले महाशीर आहेत. अशा देवाच्या डोहांत गळ टाकला जात नाही, हा संकेत बाहेरून येणाऱ्यांनीही पाळणे अपेक्षित आहे.

एका नदीतील मासा दुसरीत सोडणे हा सर्वांत गंभीर प्रमाद ठरू शकतो. बास 1925 मध्ये जपानमध्ये नेण्यात आला आणि पुढे तेथील स्थानिक माशांना घातक ठरला. बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे, तेथे पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास 2003 पासून मनाई आहे. भारतातही असे उदाहरण आहे. दख्खनच्या नद्यांतील महाशीर कावेरीत सोडला गेला आणि तेथील मूळच्या कुबडवाल्या महाशीरला मागे सारण्यात त्याचा वाटा असल्याचे संशोधकांचे मत आहे.

खरेदीचा क्रम

मर्यादित खर्चात सुरुवात करणाऱ्याने प्रथम चांगल्या ब्रेकचे रीळ आणि उत्तम दोरा यांवर खर्च करावा. काठी मध्यम दर्जाची चालते. त्यानंतर चार-पाच चमचे व प्लग, बळकट एकेरी गळ आणि फिरक्या, जाळी व चिमटा असा क्रम ठेवावा. साहित्य कितीही महाग असले, तरी प्रत्येक वेळी नदीवर पोहोचल्यावर ब्रेक मोजणे, गाठ तपासणे आणि गळाचे काटे दाबलेले आहेत याची खातरजमा करणे ही तीन कामे टाळता येत नाहीत.