लोकलच्या आधीची उपनगरं

जुन्या मुंबईच्या छायाचित्रांची पुस्तकं चाळली की एक समज नकळत पक्का होतो. फोर्ट, बोरीबंदर, काळबादेवी पानोपानी दिसतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आलंच तर भातखाचरं, ताडाची झाडं आणि एखादी बैलगाडी. त्यावरून जे विधान भाषणांत, लेखांत आणि शाळेच्या प्रकल्पांतही बिनदिक्कत केलं जातं ते असं : मुंबईचा इतिहास दक्षिणेत घडला, उपनगरं रेल्वेने वसवली.

या म्हणण्यातलं खरं तेवढं आधी मान्य करायला हवं. आजची दाट वस्ती रेल्वेशिवाय झालीच नसती, आणि उपनगरं बृहन्मुंबईत आली तीही 1950 आणि 1957 साली, दोन टप्प्यांत. पण रेल्वेने माणसं आणली, गावं नव्हे. एप्रिल 1867 मध्ये विरारहून बॅकबेला पहिली गाडी निघाली, तिच्या थांब्यांत बोरिवली, पहाडी आणि अंधेरी होती. पहाडी म्हणजे आजच्या गोरेगावातलं जुनं गाव. गावं होती, म्हणून तिथे स्टेशनं झाली.

ही गावं किती जुनी? बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या सातवाहनकाळातल्या एका कोरीव लेखात भिक्षुसंघाला दिलेल्या दानाची नोंद आहे. त्यात मंगलस्थान गावातलं एक शेत आहे, आणि अभ्यासक हे गाव म्हणजे बोरिवलीचं मागाठाणे असं मानतात. ज्या मागाठाण्याला आज आपण मेट्रोचं स्थानक म्हणून ओळखतो, तिथल्या जमिनीचा व्यवहार दगडावर कोरला गेला त्यानंतर जवळपास दीड हजार वर्षांनी फोर्टचा किल्ला उभा राहिला.

बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, तर जवळ जाऊन पाहायलाच हवेत. सहा शिळा आहेत, त्यांतल्या काही पुरुषभर उंचीपेक्षाही मोठ्या. चित्रं खालून वर वाचायची : तळाशी लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपूजा. इतर ठिकाणच्या वीरगळांवर बहुधा घोडेस्वार आणि गाईगुरं दिसतात. इथल्या काही शिळांवर उंच नाळेची जहाजं आहेत, त्यांना वल्ह्यांची ओळ आहे. शिळांवर लेख नाही, त्यामुळे काळाबद्दल मतभेद आहेत. पुष्कळ अभ्यासक त्यांचा संबंध 1265 च्या सुमारास शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात झालेल्या आरमारी युद्धाशी लावतात. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत आहे. ही तारीख कुणी अमान्य केली, तरी इथल्या माणसांनी आरमारी लढाई पाहिली होती आणि ती लक्षात ठेवण्यासारखी मानली होती, हे त्या जहाजांवरून नाकारता येत नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, की हे सुटे अवशेष झाले. लेणी ओस पडली, मधला दुवा कुठे आहे? दुवा बोरिवलीच्या मंडपेश्वरला आहे. मूळचं शैव लेणं, सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्रींनी तिथे चर्च केलं, भिंतीतल्या शिल्पाच्या जागी क्रूस कोरला. मराठ्यांनी 1739 पर्यंत साष्टी, म्हणजे ही उपनगरं ज्यावर आहेत ते बेट, जिंकल्यावर हा भाग पुन्हा हिंदू सत्तेखाली आला. तसाच दुवा अंधेरीत आहे. सीप्झच्या आवारातलं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च 1579 चं. साथीच्या रोगामुळे 1840 मध्ये लोकांनी ते सोडलं आणि मरोळला नवं चर्च बांधलं. माणसं मेली, उरलेली उठून गेली, तरी परंपरा त्यांनी सोबत नेली. याहून वेगळं सातत्य कुठल्या शहराकडे असतं?

माझा मुख्य आक्षेप याहून पुढचा आहे. उपनगरांचा इतिहास म्हणजे मुंबई बेटाच्या इतिहासाची पुरवणी, ही मांडणीच चूक आहे. पोर्तुगीज राजकन्या आणि इंग्लंडचा राजा यांच्या 1661 च्या विवाहकरारात इंग्रजांना मुंबई बेट मिळालं. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, मग मराठ्यांकडे गेली, आणि 1774 मध्ये इंग्रजांनी ती घेतली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं माहीमच्या खाडीच्या दोन बाजूंना दोन वेगळी राज्यं होती. बोरिवलीचा शेतकरी आणि फोर्टमधला दलाल वेगळ्या सरकारांना कर देत होते. त्या काळाचा इतिहास फोर्टमधून सांगताच येत नाही.

आता छायाचित्रांकडे. एकोणिसाव्या शतकात कॅमेरा जड होता, महाग होता, आणि स्टुडिओ, गिऱ्हाईक, इमारती हे सगळं दक्षिणेला होतं. चित्र नाही याचा अर्थ कॅमेरा आला नाही एवढाच. जी चित्रं आहेत त्यांतला 'रिकामेपणा'ही खोटा आहे. भांडुप, मुलुंड, कांजूरकडची मिठागरं पाहा : बांध घालून भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हात आटवून मीठ ओढायचं. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी घडवलेली ती जमीन आहे, तिला ओसाड म्हणणं अन्यायाचं आहे.

हा इतिहास अजून घराघरांत आहे. गावठाणांतल्या कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन घरांत जातं, मसाला कुटायचं उखळ-मुसळ, लग्नातली छायाचित्रं सापडतात. मनोरीला ईस्ट इंडियन समाजाने आपल्या वस्तूंचं संग्रहालयही उभारलं आहे. पण पुनर्विकासात घर रिकामं करताना जातं डेब्रिजच्या ट्रकमध्ये जातं आणि फोटो रद्दीत. बोरिवली, अंधेरी, मुलुंडच्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी हे फोटो घरी परत द्यायच्या बोलीवर स्कॅन करावेत, मागच्या बाजूला कोण, कुठे, कुठल्या साली हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्यावं. एकसरच्या शिळांची तपशीलवार छायाचित्रं आणि मापं त्याच संग्रहात पहिल्या क्रमांकावर लावावीत.