पवईच्या तलावातील रोहू

आपण समुद्रकाठची माणसे. गोड्या पाण्याच्या माशास आपल्या पानात मान तो कसला! तरीही अंधेरी-घाटकोपरकडे स्थायिक झालेल्या ज्ञातिबांधवांनी आपला शेजारी जो पवईचा रोहू, त्याची कुळकथा जाणून घ्यावी.

मुंबईची तहान भागविण्यासाठी १८९१ साली हा तलाव बांधला गेला. पाणी पिण्यास योग्य ठरले नाही आणि गळ टाकून बसणाऱ्यांचे फावले. रोहू मात्र येथला नव्हे. तो उत्तरेकडील नद्यांचा. पावसाळ्यात वाहत्या पाण्यातच अंडी घालतो, साचलेल्या तलावात सहसा नाही. म्हणून पूर्वी त्याचे बीज नदीतून धरून आणावे लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांची वीण साधली, तेव्हा कोठे ती अडचण दूर होऊ लागली.

ओळख आम्हांस वडिलांनी बांधावर बसून शिकविली. कटल्याचे डोके थोराड, तोंड वर वळलेले. मृगळ लांबट, तळाशी चरणारा. रोहूचे डोके बेताचे, तोंड खाली झुकलेले, ओठांस झालर, परांवर तांबूस छटा. कणकेची गोळी तो हिसकत नाही, चोखतो. पाण्यावरचे पीस नुसते थरथरते. घाईने ओढून आम्ही कितीदा रिकामा गळ वर काढला!

परवा नातवास तेथे नेले. सांडपाण्याचा दर्प, काठाशी जलपर्णी. अखेर रोहूचे ओठ त्यास बाजारातील पाटीत दाखविले.