एक मॉडेल विचार करतं, दुसरं कोड लिहितं: एआयची ही जोडी कधी फायद्याची, कधी डोकेदुखीची?

२२५ प्रोग्रामिंगचे प्रश्न. सी प्लस प्लस, गो, जावा, जावास्क्रिप्ट, पायथन आणि रस्ट अशा सहा भाषांमधले, मुद्दाम अवघड निवडलेले. 'एडर' नावाच्या मोफत, ओपन सोर्स कोडिंग असिस्टंटच्या कर्त्यांनी हे प्रश्न वेगवेगळ्या एआय मॉडेल्सना सोडवायला दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे निकाल मांडले.

ओपनएआयच्या ओ१ या तेव्हाच्या दादा मॉडेलने ६१.७ टक्के प्रश्न सोडवले. बिल झालं १८६.५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १६ हजार रुपये.

दुसऱ्या बाजूला एक जोडी होती. विचार करायला चीनच्या डीपसीक कंपनीचं आर१, आणि कोड फाइलमध्ये उतरवायला अँथ्रोपिकचं क्लॉड ३.५ सॉनेट. या जोडीने ६४ टक्के प्रश्न सोडवले. बिल १३.२९ डॉलर. साधारण ११५० रुपये.

गंमत पुढेच आहे. सॉनेटला एकट्याला बसवलं तेव्हा त्याने ५१.६ टक्के प्रश्न सोडवले आणि खर्च आला १४.४१ डॉलर. म्हणजे जोडी एकट्या सॉनेटपेक्षा हुशार तर निघालीच, वर किंचित स्वस्तही पडली. आर१ एकटं ५६.९ टक्क्यांवर थांबलं होतं.

हे आकडे तेव्हा सोशल मीडियावर बरेच फिरले आणि त्यातून अनेकांनी एक सोपा निष्कर्ष काढला: जितकी जास्त मॉडेल्स, तितका चांगला कोड. तो निष्कर्ष चुकीचा आहे. का, ते समजून घ्यायचं तर आधी ही जोडी काम कशी करते ते पाहावं लागेल.

डोकं एकाचं, हात दुसऱ्याचे

कोडिंग असिस्टंटला आपण सांगतो, "या ॲपमध्ये अमुक बदल कर." यात प्रत्यक्षात दोन वेगळी कामं दडलेली असतात. पहिलं, काय बदलायचं ते ठरवणं. दुसरं, तो बदल नेमक्या फाइलमध्ये, नेमक्या ओळीवर, बाकी कशालाही धक्का न लावता करणं.

दुसरं काम हमालीचं वाटतं, पण तसं नाही. एडरसारखी साधनं मॉडेलला एका ठराविक साच्यात उत्तर मागतात: "फाइलमधला हा मजकूर शोध, त्याच्या जागी हा घाल." शोधायचा मजकूर मूळ फाइलशी तंतोतंत जुळावा लागतो. एक ओळ मॉडेलने आठवणीतून थोडी वेगळी लिहिली, तर बदल लागूच होत नाही. उत्तर बरोबर, पण पेपर कोरा.

ओ१च्या आधीचं ओ१-प्रिव्ह्यू सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, तेव्हा नेमकी हीच अडचण दिसली. विचारात ते तगडं होतं, पण साच्यात उत्तर देताना गडबडायचं. मग एडरने काम विभागलं. एका मॉडेलला 'आर्किटेक्ट' केलं. त्याने उपाय कसा करायचा ते मोकळ्या भाषेत सांगायचं, साच्याची चिंता करायची नाही. दुसऱ्याला 'एडिटर' केलं. त्याने तो उपाय वाचून फाइलमध्ये बदल करायचे. लक्षात घ्या, आर्किटेक्ट आणि एडिटर या दोन्ही जागांवर एकच मॉडेल बसवलं तरी काही मॉडेल्सचे गुण वाढले. म्हणजे फायदा निव्वळ दोन कंपन्यांची अक्कल एकत्र येण्याचा नव्हता. एका वेळी एकच काम करायला मिळण्याचाही होता.

आणि आता उलटी बाजू. जानेवारीच्या त्याच चाचण्यांत ओ१ला एडिटर म्हणून सॉनेट जोडून पाहिलं, तर एकट्या ओ१पेक्षा निकाल सुधारला नाही. आर१ला इतर एडिटर जोडून पाहिले, तेव्हाही विशेष फरक पडला नाही. ओ१-प्रिव्ह्यूची उणीव ओ१मध्ये बऱ्यापैकी भरून निघाली होती. जिथे उणीवच नाही तिथे भरायला जोडीदार कशाला?

आणखी एक प्रयोग त्या दिवसांत लोक करत होते. आर१ उत्तर देण्याआधी स्वतःशी जे पुटपुटतं, ते 'हे करून बघू, नाही, थांब, असं करू' छापाचं स्वगत, तेच सॉनेटला द्यायचं. एडरच्या चाचण्यांत त्याने निकाल उलट बिघडला. ६४ टक्के मिळाले ते आर१चं स्वगत नव्हे, तर अंतिम उत्तर पुढे दिल्यावर.

तुम्ही आधीच अनेक मॉडेल्स वापरताय

'एकापेक्षा जास्त मॉडेल्स' म्हटलं की काहीतरी खास मांडणी करावी लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात एडरमध्ये कमिटचा संदेश लिहायला आणि लांबलेल्या संभाषणाचा सारांश करायला मुख्य मॉडेलऐवजी एक स्वस्त मॉडेल नेमलेलं असतं. कर्सर या एडिटरमध्ये टाइप करता करता पुढच्या ओळी सुचवणारं मॉडेल वेगळं आणि चॅटमध्ये उत्तर देणारं वेगळं. गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आलं ते ओपनएआयच्या एकट्या कोडेक्सच्या जोरावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये गिटहबने अँथ्रोपिक आणि गूगलच्या मॉडेल्सचा पर्यायही जाहीर केला. क्लॉड कोडमध्ये तर योजना मोठ्या ओपसने करायची आणि अंमलबजावणी सॉनेटने, अशी तयार सोयच दिलेली आहे.

गाडी अडते ती निरोपात

समजा, हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सचं ॲप आहे आणि त्यात थकबाकीवरचं व्याज मोजायची सोय घालायची आहे. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे हे व्याज सरळव्याज असतं. पहिल्या मॉडेलशी बोलताना तुम्ही हे सांगितलं. त्याने नऊ मुद्द्यांची योजना केली आणि पुढे लिहिलं, "थकीत रकमेवर मासिक व्याज लावावं." 'सरळ' हा शब्द गळाला.

दुसऱ्या मॉडेलने फक्त योजना वाचली. तुमचं मूळ बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. त्याने दर महिन्याला व्याजासकट रकमेवर पुन्हा व्याज लावलं. कोड स्वच्छ, नावं नीट, ॲप सुरळीत चालतंय. आणि सगळ्या थकबाकीदारांना चक्रवाढ व्याजाची बिलं. वार्षिक सभेत काय होईल ते वेगळं सांगायला नको.

यात कुठलंच मॉडेल मूर्ख नव्हतं. चूक निरोपात झाली. दोन मॉडेल्समध्ये एक निरोप असतो. पाच मॉडेल्स एकमेकांशी बोलायला लागली तर बोलण्याच्या दहा वाटा तयार होतात आणि प्रत्येक वाटेवर एखादा शब्द गळू शकतो. उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात मांडलं होतं, आणि त्यामागचं एक कारण हेच होतं.

'डेव्हिन' हा एआय प्रोग्रामर बनवणाऱ्या कॉग्निशन कंपनीने जून २०२५ मध्ये याच मुद्द्यावर एक लेख लिहिला. त्यातलं उदाहरण छान आहे. फ्लॅपी बर्डसारखा गेम करायचा आहे. एका एजंटला पार्श्वभूमी दिली, दुसऱ्याला पक्षी. पहिल्याने सुपर मारिओसारखी दिसणारी पार्श्वभूमी केली, दुसऱ्याने त्या गेममध्ये शोभणार नाही असा पक्षी. आता दोन्ही जुळवायची जबाबदारी तिसऱ्याची. एकाच वेळी लिहिणारे अनेक हात टाळा, असा त्यांचा एकूण सल्ला होता.

त्याच महिन्यात अँथ्रोपिकने मात्र अनेक एजंटांच्या आपल्या संशोधन यंत्रणेचं कौतुक सांगितलं. वर एक ओपस, हाताखाली अनेक सॉनेट; कंपनीच्या अंतर्गत चाचणीत ही फौज एकट्या ओपसपेक्षा ९०.२ टक्क्यांनी सरस ठरली. पण त्याच लेखात दोन कबुल्या होत्या, ज्या शेअर करताना लोक वगळतात. अशी यंत्रणा साध्या चॅटच्या तुलनेत सुमारे १५ पट टोकन खाते, आणि बिल टोकनवरच येतं. शिवाय कोडिंगमध्ये खरोखर एकमेकांपासून सुटी करता येतील अशी कामं संशोधनापेक्षा कमी असतात.

वरवर हे भांडण वाटतं, पण दोघांचं म्हणणं जुळतं. माहिती शोधून आणणं वाटून देता येतं. 'व्याजाचा हिशेब कुठल्या फाइल्समध्ये होतो ते शोधून सांग,' हे काम स्वस्त मॉडेलला खुशाल द्यावं. एकाच फाइलमध्ये दोघांनी लिहिणं ही वेगळी गोष्ट.

तपासायला तिसरं मॉडेल बसवलं तर?

हा उपाय सगळ्यांनाच सुचतो. एकाने लिहायचं, दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलने तपासायचं. त्याचा उपयोग होतो, विशेषतः तपासनीस वेगळ्या घराण्यातला असेल तर. २०२४ मधल्या एका अभ्यासात दिसलं की सारांशांचं मूल्यमापन करताना मॉडेल्स स्वतः लिहिलेला मजकूर ओळखू शकतात आणि त्याला झुकतं माप देतात. स्वतःचा पेपर स्वतः तपासण्यासारखंच ते.

पण वेगळं मॉडेल म्हणजे वेगळी चूक, असं धरून चालणं धोक्याचं आहे. हा धडा एआयच्या बराच आधीचा. १९८६ मध्ये जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्हर्जिनिया विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या विद्यार्थ्यांकडून एकाच कामाचे २७ प्रोग्राम स्वतंत्रपणे लिहून घेतले. मग प्रत्येकाच्या दहा लाख चाचण्या घेतल्या. स्वतंत्रपणे लिहिलेले प्रोग्राम वेगवेगळ्या ठिकाणी चुकतील, म्हणजे बहुमत घेतलं की काम झालं, अशी तेव्हा आशा होती. निकाल उलटा आला. एकाच ठिकाणी अनेक प्रोग्राम एकत्र चुकण्याचं प्रमाण, चुका स्वतंत्र असत्या तर दिसलं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. प्रश्नाचा जो भाग अवघड, तिथे वेगवेगळी माणसंही सारखीच घसरली.

ती तर वेगवेगळ्या डोक्यांची माणसं होती. आजची मॉडेल्स बऱ्याच प्रमाणात इंटरनेटवरचा तोच सार्वजनिक कोड वाचून शिकलेली आहेत.

सोसायटीच्या ॲपकडे परत येऊ. तपासनीस मॉडेलला योजना आणि कोड दिला, तर तो म्हणेल, "योजनेप्रमाणे आहे, मंजूर." कारण योजनेतूनच 'सरळ' शब्द गळालेला. त्याच योजनेवरून टेस्टही लिहून घेतल्या, तर त्याही चक्रवाढ व्याजालाच बरोबर म्हणतील. सगळे दिवे हिरवे.

ही चूक पकडायचा मार्ग साधा आहे आणि त्यात मॉडेल लागत नाही. कोड लिहायच्या आधी माणसाने एक टेस्ट स्वतः लिहावी: दहा हजार थकीत, दरमहा एक टक्का, सहा महिने, तर व्याज ६०० रुपये. चक्रवाढीने ते ६१५च्या वर जाईल आणि टेस्ट लाल होईल. मात्र टेस्टची फाइल बदलायची मुभा मॉडेलला देऊ नये, कारण टेस्ट पास होत नाही म्हटल्यावर कोडऐवजी टेस्टच बदलून मोकळी होणारी मॉडेल्स अनेकांनी पाहिली आहेत.

मग जोडी लावायची कशी?

रोजच्या छोट्या कामाला एकच मॉडेल पुरतं. एखादं बटण हलवायला आर्किटेक्ट नेमणं म्हणजे खिळा ठोकायला इंजिनिअर बोलावणं.

बदल चार-पाच फाइल्समध्ये पसरणार असेल तेव्हा योजना वेगळी काढून घेणं फायद्याचं ठरतं. ती योजना चॅटमध्ये ठेवू नये, प्रोजेक्टमध्येच एका फाइलमध्ये लिहून घ्यावी. पुढचं मॉडेल ती वाचेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही वाचाल. 'सरळ' शब्द गळालाय हे लक्षात यायची सगळ्यात स्वस्त जागा तीच. नऊ मुद्दे वाचायला दोन मिनिटं लागतात, त्यातून निघालेला पाचशे ओळींचा कोड वाचायला अर्धा दिवस. योजनेच्या डोक्यावर तुमची मूळ मागणी तुमच्याच शब्दांत, जशीच्या तशी चिकटवलेली असावी. तपासनिसालाही योजनेबरोबर ती मूळ मागणी द्यावी आणि 'यात कुठे विसंगती आहे' असं विचारावं. 'कोड ठीक आहे का' विचारलं की उत्तर बहुतेक वेळा 'हो' येतं.

दोन एजंटांना एकाच वेळी लिहू द्यायचंच असेल, तर गिटच्या 'वर्कट्री' सोयीने दोघांना वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसवता येतं. फाइलींची मारामारी थांबते. पार्श्वभूमी आणि पक्ष्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी चर्चेत फार कमी येते. जोडीला घेतलेलं प्रत्येक मॉडेल म्हणजे तुमचा कोड जाणारी आणखी एक कंपनी, आणखी एक अटींचं पान. स्वतःच्या ॲपपुरता हा प्रश्न किरकोळ आहे. पण पुण्यात किंवा बंगळुरूत बसून परदेशी ग्राहकाचा कोड सांभाळणाऱ्याने, कुठला कोड कुठल्या सर्व्हरवर जाऊ शकतो हे करारात आधी पाहावं. एका मॉडेलला कंपनीची परवानगी असली, म्हणजे त्याच्या जोडीदारालाही आहे असं होत नाही.

निवड मशीनवरच सोडली तर?

कुठल्या कामाला कुठलं मॉडेल, हे ठरवणारा मधला दुवा म्हणजे राउटर. कर्सर आणि कोपायलटमध्ये 'ऑटो' हा पर्याय असतो, तो हेच करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआयने जीपीटी-५ आणलं, तेव्हा चॅटजीपीटीत असा राउटर आतच बसवला: सोपा प्रश्न झटपट उत्तर देणाऱ्या मॉडेलकडे, अवघड प्रश्न विचार करणाऱ्याकडे. मॉडेल निवडायची लांबलचक यादी काढून टाकली.

पहिल्याच दिवशी राउटर काही काळ बिघडला. त्यामुळे जीपीटी-५ प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा ढ वाटलं, अशी कबुली कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी दुसऱ्या दिवशी दिली. वापरणाऱ्यांना मात्र आपला प्रश्न नेमका कुणाकडे गेला हे कळायला मार्ग नव्हता. तक्रारी इतक्या झाल्या की काही दिवसांतच जुनं जीपीटी-४ओ पैसे भरणाऱ्यांसाठी परत आलं, आणि 'ऑटो'च्या शेजारी 'फास्ट' आणि 'थिंकिंग' हे पर्याय पुन्हा दिसू लागले.