लॅपचिक, जो

लॅपचिक, जोसेफ बोहोमिएल : (१२ एप्रिल १९००–१० ऑगस्ट १९७०). अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या पहिल्या पर्वातला अव्वल सेंटर आणि पुढे सेंट जॉन्स विद्यापीठ व न्यूयॉर्क निक्स या संघांचा प्रशिक्षक. जन्म न्यूयॉर्क राज्यातील याँकर्स येथे, चेक स्थलांतरितांच्या कुटुंबात. त्याचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले. पोरवयातच तो कामाला लागला आणि पैसे घेऊन बास्केटबॉल खेळू लागला. खेळाचे संदर्भग्रंथ त्याची गणना प्रामुख्याने खेळाडूंत करतात. खेळाडू म्हणून त्याचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्याची कारकीर्द सलग पाहिली, तर तिचे अधिक टिकाऊ फळ प्रशिक्षकपदाच्या तीन दशकांत सापडते.

त्या काळी व्यावसायिक खेळ अगदीच विस्कळीत होता. सामन्यागणिक पैसे मिळत. एकच खेळाडू एका हंगामात चार संघांकडून खेळे आणि जो व्यवस्थापक जास्त देईल त्याच्याकडे जाई. लॅपचिकनेही हेच केले, आणि त्यात गैर काही नव्हते. ही पद्धत ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या न्यूयॉर्कच्या संघाने मोडली. त्यांनी खेळाडूंना हंगामभराच्या कराराने बांधून घेतले आणि तेच ते गडी रोज एकत्र खेळू लागल्यावर खेळाचे रूप पालटले. चेंडू देऊन पुढे धावायचे आणि तोच परत घ्यायचा. बचावात अडचण आली की आपापसांत प्रतिस्पर्धी बदलून घ्यायचे. डच डेनर्टने बास्केटकडे पाठ करून चेंडू झेलायचा आणि भोवतीच्या साथीदारांना वाटायचा. १९२३ च्या सुमारास लॅपचिक या संघात आला. सहा फूट पाच इंच उंचीचा हा माणूस तेव्हा राक्षसी वाटावा असाच होता, आणि त्याची किंमतही त्या उंचीतच होती. कारण त्या काळच्या नियमाप्रमाणे प्रत्येक बास्केट झाली की चेंडू पुन्हा मध्यभागी उडवला जाई. ती उडी जिंकणारा सेंटर ज्याच्याकडे, चेंडू बहुतेक वेळा त्याच्याकडे. सेल्टिक्सने अमेरिकन बास्केटबॉल लीगची १९२७ व १९२८ ची विजेतेपदे मिळवली आणि त्यानंतर संघ विखुरला. लॅपचिक, डेनर्ट प्रभृती क्लीव्हलँड रोझेनब्लूम्सकडे गेले; पुढची दोन्ही विजेतेपदे त्या संघाला मिळाली, हा योगायोग नव्हे. मंदीच्या तडाख्यात लीग बंद पडली, तेव्हा जुने सवंगडी पुन्हा सेल्टिक्सच्या नावाने गावोगाव सामने खेळत हिंडले.

१९३६ साली सेंट जॉन्सने त्याला प्रशिक्षक नेमले. माध्यमिक शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस आता विद्यापीठातल्या मुलांना शिकवणार होता. त्यातच १९३७ मध्ये प्रत्येक बास्केटनंतरची मध्यवर्ती उडी नियमातून गेली. ज्या कसबावर त्याचे नाव झाले, ते शिकवण्याजोगे उरलेच नाही. तरीही १९४३ आणि १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे सेंट जॉन्सने राष्ट्रीय निमंत्रितांची स्पर्धा (एनआयटी) जिंकली. १९४४ च्या अंतिम सामन्यात तर समोर जॉर्ज मायकन या बलाढ्य सेंटरचा डीपॉल संघ होता. लॅपचिकने मुलांना आपली उंची किंवा उडी दिली नव्हती. सेल्टिक्सची एकत्र खेळण्याची रीत मात्र दिली होती. १९४७ मध्ये तो निक्सकडे गेला. तिथेही डिक मॅग्वायर, हॅरी गॅलॅटिन, कार्ल ब्रॉन अशा खेळाडूंचा, एकाच नायकावर न विसंबणारा संघ उभा राहिला. त्याच्या हाताखाली खेळलेल्या पूर्ण आठही हंगामांत निक्सने बाद फेरी गाठली.

प्रशिक्षक म्हणून त्याला मोठे मानण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : निक्सना एकदाही विजेतेपद मिळाले नाही. १९५१, १९५२ व १९५३ अशा सलग तीन अंतिम मालिका संघ हरला. खरे आहे, पण पराभव कसे झाले तेही पाहावे. १९५१ मध्ये रॉचेस्टर रॉयल्सविरुद्ध पहिले तीन सामने गमावून निक्सनी पुढचे तीन जिंकले आणि सातवा ७९–७५ असा निसटला. पुढची दोन्ही वर्षे मिनिॲपोलिस लेकर्सकडून मायकन खेळत होता आणि निक्सपाशी त्याच्या तोडीचा सेंटर नव्हता. (घरचे सामनेही मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर नव्हते, वसंतात तिथे सर्कस असे, म्हणून संघाला सैन्याच्या कवायतगृहात खेळावे लागले.) लॅपचिकच्या पद्धतीची मर्यादा मात्र इथे दिसते. पाच जणांचा समन्वय पुष्कळ काही भरून काढतो, मायकनसारखा एकटा माणूस भरून काढता येत नाही. हे मान्य करूनही तीन वर्षे सतत अंतिम फेरीत राहणे हे अपयश ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सेल्टिक्सचा वारसा चालवणारा लॅपचिक एकटा नव्हता. त्याचा सहखेळाडू नॅट होलमन सिटी कॉलेजचा प्रशिक्षक होता आणि १९५० साली त्याच्या संघाने एनआयटी व एनसीएए या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. असे दुसऱ्या कोणाला जमलेले नाही. डावपेचांत होलमन सरस होता, असे म्हणायला वाव आहे. पण पुढच्याच वर्षी त्या संघातले खेळाडू जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक ठरवत असल्याचे उघड झाले. दोष एकट्या होलमनचा नव्हता. न्यूयॉर्कची आणखीही महाविद्यालये त्यात सापडली. लॅपचिकने या प्रकरणाची कात्रणे एका वहीत चिकटवली आणि १९५६ मध्ये सेंट जॉन्सला परतल्यावर नव्या खेळाडूंना ती वाचायला लावली. उपाय साधा, जवळपास मास्तरकीचा. पण मोह कसा येतो हे मुलांसमोर उघड मांडण्याचे काम त्या वेळी फार थोड्यांनी केले.

१९५० मध्ये निक्सनी नॅट क्लिफ्टन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केले, तेव्हा एनबीए या व्यावसायिक लीगमधली वर्णबंदी मोडत होती. निर्णय आणि पैसा संघाचा प्रमुख नेड आयरिश याचा होता, म्हणून सारे श्रेय लॅपचिकला देणे चूक ठरेल. तथापि ‘न्यूयॉर्क रेन्स’ या कृष्णवर्णीयांच्या संघाशी तो खेळाडू म्हणून वर्षानुवर्षे झुंजला होता आणि त्यांचा सेंटर टार्झन कूपर याला सामन्याआधी भर मैदानात आलिंगन देत असे. अशा माणसाच्या संघात क्लिफ्टनला जागा मिळाली, ती शोभेपुरती नव्हती. वर्णभेदाविरुद्ध क्रीडाक्षेत्रात पुढे काम करणारा रिचर्ड लॅपचिक हा त्याचाच मुलगा.

दुसऱ्या खेपेस सेंट जॉन्सने १९५९ व १९६५ मध्ये एनआयटी जिंकली. १९६५ पर्यंत त्या स्पर्धेचे वजन एनसीएएपुढे घटले होते, हे नमूद करायला हवे. पण विद्यापीठाच्या वयोमर्यादेमुळे निवृत्त होणाऱ्या प्रशिक्षकासाठी व्हिलानोव्हावर ५५–५१ असा मिळवलेला तो विजय शेवटचा सामना ठरला. त्याची जागा त्याचाच सहायक लू कार्नेसेका याने घेतली. विद्यापीठ आणि निक्स, दोन्हीकडे त्याचे सव्वातीनशेहून अधिक विजय आहेत. नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये १९६६ साली त्याची निवड झाली ती खेळाडू म्हणून. प्रशिक्षक म्हणून झाली असती, तर ती अधिक रास्त ठरली असती.