मागील बाकांवरील बंड : नागपूरचें अंदाजपत्रक व वऱ्हाडचे सभासद (इ. स. १९२४–१९२७)

सत्ताधारी पक्षाचेच सभासद स्वपक्षाच्या काटकसरीच्या अंदाजपत्रकाविरुद्ध उठतात, असा प्रकार पार्लमेंटरी राज्यपद्धति जेथें जेथें रुजली तेथें तेथें केव्हां ना केव्हां घडलेला दिसतो. याचें प्रख्यात उदाहरण म्हणजे इ. स. १९३१ सालचें इंग्लंडांतील. रॅमसे मॅकडोनल्ड यांच्या मजूर मंत्रिमंडळापुढें बेकारांच्या भत्त्यांत शेंकडा दहा कपात करण्याचा प्रश्न आला. २३ ऑगस्ट रोजीं अकरा विरुद्ध नऊ अशी फूट पडली आणि दुसऱ्या दिवशीं तें मंत्रिमंडळ संपलें. मॅकडोनल्ड यांनीं प्रतिपक्षीयांस घेऊन नवें मंत्रिमंडळ बनविलें, त्यांच्याच पक्षानें त्यांस बाहेर काढलें, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकींत त्या पक्षाचे अवघे ५२ सभासद निवडून आले. कौटिल्यानें बाह्यकोपापेक्षां अभ्यंतरकोप अधिक घातक मानिला आहे व त्यास घरांत शिरलेल्या सर्पाच्या भयाची उपमा दिली आहे, ती येथें अक्षरशः लागू पडते.

परंतु इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्या वऱ्हाडांत, किंबहुना वऱ्हाड ज्या प्रांतास जोडलें होतें त्या मध्यप्रांताच्या राजधानींत, याच जातीचें एक प्रकरण सात वर्षें आधीं सुरू झालें होतें. त्यास बंड म्हणून कोणी फारसें ओळखीत नाहीं. ‘तांबे प्रकरण’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे, आणि त्या नांवामुळेंच त्यांतील अंदाजपत्रकाचा भाग झांकला गेला असें आमचें मत आहे. एका गृहस्थानें सरकारी जागा स्वीकारली व पक्ष फुटला, इतकेंच बहुधा सांगण्यांत येतें. पक्ष फुटण्याजोगा आधींच कशानें झाला होता, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या वेळची घडी ध्यानांत घेतली पाहिजे. वऱ्हाड हा मुलूख निजामाचा, इ. स. १९०२ मध्यें तो कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांनीं घेतला व १९०३ मध्यें मध्यप्रांतास जोडला. १९०५ मध्यें सहा जिल्ह्यांचे चार झाले, त्यांत वाशीम जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद यवतमाळास गेला. (वाशीमास पुन्हा जिल्ह्याचें ठाणें होण्यास १ जुलै १९९८ उजाडावा लागला.) नागपुरास कायदेकौन्सिल आलें तेव्हां वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीनें ब्रिटिश मुलूखच नव्हे, अशी अडचण निघाली. म्हणून वऱ्हाडच्या मतदारांनीं सभासद निवडावे आणि निवडलेल्यांस सरकारनें नेमल्याचें जाहीर करावें, अशी युक्ति काढण्यांत आली. लोकनियुक्त सभासद कागदोपत्रीं सरकारनियुक्त ठरावा, ही मौज इतरत्र क्वचितच सांपडेल.

सन १९१९ च्या कायद्यानें प्रांतिक कारभाराचे दोन भाग पडले. पोलीस, न्याय, जमीनमहसूल वगैरे राखीव खातीं गव्हर्नर व त्याचें कार्यकारी मंडळ यांच्याकडे. शिक्षण, आरोग्य, दवाखाने, शेतकी, स्थानिक स्वराज्य इत्यादि सोंपीव खातीं दिवाणांकडे, म्हणजे आजच्या भाषेंत मंत्र्यांकडे. खजिना मात्र एकच. त्यांतून हिंदुस्थान सरकारास द्यावयाची वार्षिक वर्गणी मेस्टन समितीनें मध्यप्रांत-वऱ्हाडावर २२ लाख रुपये बसविली होती. ती मद्रासच्या ३४८ लाखांपुढें लहान दिसते खरी, पण प्रांतहि तसा गरीबच. अंदाजपत्रकांतील मागण्या कौन्सिलनें मंजूर कराव्या, नाकाराव्या किंवा कमी कराव्या अशी मुभा होती. आतां यांतील खोंच पाहावी. राखीव खात्याची मागणी कौन्सिलनें नाकारली, तर ‘हा खर्च माझ्या जबाबदारीसाठीं अवश्य आहे’ असा दाखला देऊन गव्हर्नर ती रक्कम जशीच्या तशी परत घालूं शके. सोंपीव खात्याची मागणी नाकारली, तर असा दाखला देण्याचा अधिकार त्यास नव्हता. प्रांताची शांतता किंवा खातें चालू राहणें यांपुरताच निकडीचा खर्च त्यास आपल्या हुकुमानें करितां येई. म्हणजे नकाराचा घाव पोलिसावर बसत नसे, तो शाळेवर बसे.

ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नव्हती असें म्हणवत नाहीं. नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकींत स्वराज्य पक्षास निर्भेळ बहुमत मिळालें तें सर्व हिंदुस्थानांत याच एका प्रांतांत. डॉ. मुंजे प्रभृति पुढाऱ्यांच्या हातीं कौन्सिल आलें. परंतु दिवाणगिरी घ्यावयाची नाहीं व द्विदल राज्यपद्धति आंतून मोडावयाची, ही पक्षाची प्रतिज्ञा. सत्ता हातीं असून सत्ता न घेणारा सत्ताधारी पक्ष, असें त्याचें विलक्षण रूप होतें. जानेवारी १९२४ मध्यें दिवाणांवर अविश्वासाचा ठराव झाला. मार्चमध्यें अंदाजपत्रकांतील मागण्या नाकारण्यांत आल्या आणि दिवाणांचें वेतन सालीना दोन रुपये ठेवण्यांत आलें. तें दोन रुपयांचें वेतन त्या काळीं देशभर गाजलें. दिवाण गेले, सर फ्रँक स्लाय या गव्हर्नरांनीं सोंपीव खातीं आपल्या हातीं घेतलीं, आणि १९२६ च्या अखेरपर्यंत या प्रांतास दिवाण राहिले नाहींत.

राजकीय प्रदर्शन म्हणून या कृत्याची योग्यता मोठी होती. देशबंधु दासांच्या बंगालखेरीज इतकी खोल जखम द्विदल पद्धतीस कोठेंच झाली नाहीं, आणि १९२४ सालीं सरकारास मुडीमन समिति नेमणें भाग पडलें त्यांत नागपूरचाहि वांटा आहे. परंतु त्याच कृत्यानें एक काटकसरीचें अंदाजपत्रक जन्मास आलें, तें कोणी मांडलें नव्हतें आणि कोणी वाचूनहि दाखविलें नाहीं. राखीव बाजू पूर्ववत् राहिली. सोंपीव बाजू ‘खातें चालू राहण्यापुरती’ उरली. वाशीमसारख्या तालुक्याच्या गांवीं याचा अर्थ काय होतो, हें समजण्यास फार कल्पनाशक्ति नको. तहसील कचेरी व पोलीस ठाणें हीं राखीव. दवाखाना, शाळांस मिळणारी मदत, शेतकी खात्याचें बियाणें हीं सोंपीव. ज्या सभासदास वऱ्हाडांतील कापूस पिकविणाऱ्या खातेदारांनीं मत दिलें, त्यास मतदारांपुढें जाऊन सांगावयाचें होतें, कीं सरकारास धडा शिकविण्यासाठीं नवी शाळा आपणच थांबविली आहे. मताधिकार त्या काळीं मालमत्तेवर होता. मत देणारा तोच सारा भरणारा होता, आणि वऱ्हाडचा सारा नागपुरास जातो व परत फिरत नाहीं ही त्याची जुनी तक्रार होती. ती इतकी जुनी व खरी होती, कीं प्रांताच्या दोन भागांतील खर्चाच्या वांटणीचें कोष्टक ठरविण्यास त्याच सुमारास सिम समिति नेमावी लागली.

यास्तव वऱ्हाडच्या सभासदांची चुळबूळ केवळ अधिकारलालसेनें झाली, हें जें त्यांवरील सर्वसाधारण दूषण, तें आम्हांस मान्य नाहीं. लोकमान्यांची ‘प्रतियोगी सहकारिता’ ही १९१९ च्या अमृतसर काँग्रेसपासून महाराष्ट्रांत व वऱ्हाडांत रुजलेली होती: मिळेल तें घ्यावें, राहिल्यासाठीं भांडावें. नकाराचें धोरण या मंडळींनीं पक्षशिस्तीसाठीं पत्करलें होतें, मनापासून नव्हे. जोंवर नकारानें सरकार वांकेल अशी आशा होती तोंवर शिस्त टिकली. सरकार वांकेना आणि शाळा मात्र अडली, तेव्हां शिस्तीचा आधारच गेला.

ऑक्टोबर १९२५ मध्यें श्री. श्रीपाद बळवंत तांबे यांनीं कार्यकारी मंडळांतील सर मोरोपंत जोशी यांची जागा स्वीकारली. तांबे हे अमरावतीचे वकील, स्वराज्य पक्षाचे सभासद आणि त्या वेळीं कौन्सिलचे अध्यक्ष. पंडित मोतीलाल नेहरूंनीं कडक निषेध केला. केळकर व जयकर यांनीं उलट विचारलें, कीं विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती असेंब्लीचे अध्यक्ष होतात तें चालतें, पंडितजी स्वतः सरकारच्या स्कीन समितींत बसतात तें चालतें, मग तांब्यांनींच काय पाप केलें? या प्रश्नास त्या वेळीं सरळ उत्तर मिळालें नाहीं. आणि आज शंभर वर्षांनीं कागद चाळतांनाहि आम्हांस तें सांपडत नाहीं.

तथापि एक न्याय करावयास हवा. केळकर-जयकरांचा युक्तिवाद पक्षाच्या विसंगतीवर बरोबर बसतो. पण तांब्यांचें कृत्य ज्या दुखण्यामुळें क्षम्य वाटतें, त्या दुखण्यावर तें औषध नव्हतें. कार्यकारी मंडळ म्हणजे राखीव बाजू. तांबे गृहखात्याच्या खुर्चीवर बसले, शिक्षण वा आरोग्याच्या नव्हे. त्यांच्या तेथें जाण्यानें सोंपीव खात्यांस एक रुपयाहि अधिक मिळण्याचा मार्ग नव्हता. तो मार्ग दिवाणगिरी घेऊन कौन्सिलपुढें अंदाजपत्रक मांडणें हाच होता. वऱ्हाडच्या तक्रारीचें खरें बळ तांब्यांच्या नांवाखालीं झांकलें गेलें, याचा थोडा दोष म्हणूनच खुद्द तांब्यांकडेहि जातो. पुढें १९२९ मध्यें ते कांहीं काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरहि झाले. लोकांस तेवढेंच स्मरणांत राहिलें.

बंडास बंडाचें रूप आलें तें तांब्यांमुळें नव्हे, तर अकोल्याच्या बैठकीमुळें. डिसेंबर १९२५ च्या कानपूर काँग्रेसमध्यें तडजोड झाली नाहीं. फेब्रुवारी १९२६ मध्यें अकोल्यास प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा राहिला. मुंजे, केळकर, जयकर व यवतमाळचे लोकनायक अणे हे त्याचे धुरीण. १९२४ सालीं मागण्या नाकारण्यांत जे अग्रभागीं होते ते डॉ. मुंजेच येथें दुसऱ्या बाजूस दिसतात, हें विशेषच. त्यांवर चंचलतेचा आरोप झाला. आमच्या मतें नकार हें शस्त्र एकदां चालवून पाहिलेल्या माणसासच त्याची धार कोणाकडे आहे हें कळलें होतें. एप्रिलमध्यें साबरमतीस समेट झाला व लागलीच मोडला.

आजच्या वाचकानें येथें एक गोष्ट ध्यानीं धरावी. या सभासदांनीं पक्ष सोडला तेव्हां त्यांचें सभासदत्व कायद्यानें जात नव्हतें. केळकर, जयकरांनीं जागा सोडल्या त्या आपखुशीनें. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनंतर अंदाजपत्रकावर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची जागाच धोक्यांत येते. म्हणून नाराज सभासद सभागृहांत मुका राहतो व बाहेर बोलतो. अकोल्यास जें उघड झालें तें आतां बंद खोलींत होतें, इतकाच फरक.

१९२६ च्या निवडणुकींत नागपूर कौन्सिलांतील स्वराज्य पक्षाचें बहुमत गेलें. जानेवारी १९२७ मध्यें बिलासपूरचे राघवेंद्रराव व वऱ्हाडचे प्रतियोगी पक्षाचे रामराव देशमुख हे दिवाण झाले, आणि जवळजवळ तीन वर्षांनीं सोंपीव खात्यांच्या मागण्या पुन्हा कौन्सिलास जबाबदार माणसाच्या तोंडून मांडल्या जाऊं लागल्या. मेस्टनची वर्गणीहि त्याच सुमारास सुटली, त्यामुळें नव्या दिवाणांस आधींच्यांपेक्षां हात मोकळा मिळाला. त्यांच्या कारभाराचें मूल्य करितांना हें विसरूं नये. हेच रामराव देशमुख पुढें डॉ. खरे यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळांत आले, आणि जुलै १९३८ मध्यें खऱ्यांबरोबर राजीनामा देणारे जे दोन मंत्री, त्यांत एक हे व दुसरे अकोल्याचे गोळे होते. दोघेहि वऱ्हाडचे. त्या प्रकरणांत अंदाजपत्रकाचा संबंध किती होता, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.