सालीचा मक्ता

सन 1563 मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या औषधीविषयक संवादग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने, प्राचीन ग्रीक व रोमन पंडितांनी निरनिराळ्या नावांनी वर्णिलेल्या दालचिनीसदृश साली वस्तुतः एकच होत, असा निर्वाळा दिला. अजस्र पक्षी घरट्यांसाठी दालचिनीच्या काड्या आणतात व अरब लोक मांसाच्या मोठमोठ्या तुकड्यांच्या भाराने ती घरटी पाडून त्या हस्तगत करतात, ही हेरोडोटसाने नोंदवलेली अद्भुत हकीकत ज्या विषयाच्या आरंभी उभी आहे, त्या विषयात प्रत्यक्ष बाजारपेठेत वावरणाऱ्या वैद्याने विवेकाचा प्रकाश पाडला, हे ऑर्ताचे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि त्याचा हा निर्वाळा टिकला नाही. सिंहलद्वीपातील, म्हणजे श्रीलंकेतील, खरी दालचिनी आणि चीनकडील कॅसिया या एकाच कुळातील, परंतु भिन्न जातींच्या साली होत, आणि त्यांपैकी कोणती पोटात जाते यावरच तिच्या निर्धोकपणाचा प्रश्न अवलंबून आहे.

सिंहलद्वीपाचा इतिहास तर या सालीभोवतीच गुंडाळला गेला. 1505 मध्ये पोर्तुगीज गलबते तेथे लागली. लवकरच तेथील कोट्टे राज्याच्या राजाकडून दालचिनीच्या रूपाने खंडणी वसूल होऊ लागली. पुढे त्याच बेटावरील कँडीच्या राजाशी संधान बांधून डचांनी 1658 पर्यंत पोर्तुगीजांना हुसकावून लावले, आणि राजाच्या पदरी एका व्यापाऱ्याऐवजी दुसरा व्यापारी पडला, एवढाच फरक झाला. साल सोलण्याचे काम सलागम नावाच्या जातीकडे वंशपरंपरेने चालत आले होते. त्या जातीतील पुरुषांची मोजदाद ठेवणारे, त्यांच्यावर सालीचा ठराविक भरणा लादणारे ‘महाबद्द’ नावाचे एक स्वतंत्र खातेच सरकारात होते. पावसाळ्यात झाडाचा रस वाहता असताना कोवळ्या फांद्या तोडाव्यात, वरची खरखरीत साल खरवडावी, पितळी दांडीने घासून आतील साल सैल करावी, आणि ती अखंड सोलून एकात एक बसवलेल्या नळ्या सावलीत वाळवाव्यात, या कामात पिढ्यान् पिढ्यांचे कौशल्य ओतले जाई; पण त्या कौशल्याच्या मालकाला आपल्या परसातील झाडावरही हक्क नव्हता, कारण डच कंपनीच्या परवान्यावाचून दालचिनी सोलणे वा विकणे हा देहान्त शासनाचा गुन्हा ठरवला गेला होता. मक्तेदारीच्या इतिहासात क्रौर्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात, परंतु एका सुगंधी सालीसाठी एवढा कडक अंमल क्वचितच आढळेल.

1770 च्या सुमारास डचांनी कोलंबोनजीक लागवड सुरू केली, 1796 मध्ये इंग्रज आले, आणि 1833 मध्ये सरकारी मक्ता उठला. पण मक्ता गेला तरी निर्यातीवरील जबर जकात राहिली, आणि तिच्या छायेत चीन व जावाकडील स्वस्त मालाने युरोपची बाजारपेठ काबीज केली. दालचिनीचा खरेपणा जोवर मक्तेदाराच्या तिजोरीशी निगडित होता, तोवर त्यावर पहारा होता. ग्राहकाच्या यकृताशी त्याचा संबंध आहे हे कळले, तेव्हा पहारेकरी निघून गेलेले होते.

या संबंधाचे कारण कूमारिन नावाचे द्रव्य होय. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने यकृतास इजा झाल्याचे दिसल्यावरून अमेरिकेने 1954 मध्ये ते अन्नात मिसळण्यास बंदी केली. सिंहली सालीत ते नाममात्र, तर कॅसियात किलोमागे सरासरी सुमारे 3 ग्रॅम आढळते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज 0.1 मिलिग्रॅम ही सह्य मर्यादा ठरविली आहे. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसास रोज 2 ग्रॅम कॅसियातच ती गाठता येते, आणि चमचाभर चूर्ण साधारण तेवढे भरतेच.

आमच्या आयुर्वेदाने त्वक्, म्हणजे दालचिनी, त्रिजातक व चातुर्जातक या सुगंधी द्रव्यांच्या गटांत गौरविली खरी. परंतु सितोपलादि चूर्णात खडीसाखरेचे 16 भाग असताना तिचा केवळ एकच भाग असतो, ही मात्रा विचार करण्याजोगी आहे. आजचा हव्यास निराळा आहे. 2003 मध्ये पाकिस्तानातील 60 मधुमेही रुग्णांवर कॅसियाचा प्रयोग होऊन साखर घटल्याचे प्रसिद्ध झाले, आणि दालचिनीची चमचाभर पूड घेण्याची लाट उसळली. 2012 मध्ये अशा 10 प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांना मात्र तिची शिफारस करण्याइतका पुरावा आढळला नाही. ज्या सालीने हा लौकिक मिळविला, तीच नेमकी कूमारिनने भरलेली, हा योगायोग विचित्र म्हटला पाहिजे.

मसालेभातातील वा आमटीतील तुकड्याची भीती कोणी बाळगू नये. परंतु रोज पूड घेण्याचा ज्यांचा नियम आहे त्यांनी, विशेषतः यकृताचा विकार असणाऱ्यांनी, वैद्याला विचारल्यावाचून तो चालू ठेवू नये. आणि घ्यायचीच तर पूड विकत न घेता अखंड साल घ्यावी, कारण कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची एकात एक गुंडाळलेली, चटकन चुरणारी नळी ती सिंहली, आणि जाड, कठीण, एकेरी वळलेली ती कॅसिया, हा भेद डोळ्यांना दिसतो, पण पूड झाल्यावर तो ओळखणे घरातल्या माणसाला शक्य नसते.